गोड्या पाण्यातले म्हणून विकलेले खारे इंजिन

पुण्यात बोटीच्या इंजिनाची पारख असलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील, आणि जुनी इंजिने विकणाऱ्याला हे चांगले ठाऊक असते. आमच्या सोसायटीच्या वर्गणीतून घेतलेल्या इंजिनाच्या बाबतीत जे घडले, ते मी तारीखवार आणि तपशिलात लिहून ठेवत आहे. पैसे माझ्या एकट्याचे नव्हते, त्यामुळे गप्प बसण्याचा अधिकारही मला नाही.

२५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकहून अधिक विसर्ग झाला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले, हे पुणेकरांना आठवत असेल. लष्कराला बोलवावे लागले होते. आमची इमारत तिथून जवळच आहे. तळमजल्यावरच्या एका आजींना त्या दिवशी खुर्चीसकट उचलून जिन्याने वर नेले, तेव्हा कमरेइतक्या पाण्यात मीही होतो. पुढे सर्वसाधारण सभेत ठराव झाला की हवा भरण्याची एक रबरी बोट आणि एक लहान आउटबोर्ड इंजिन, म्हणजे बोटीच्या मागच्या कडेला बाहेरून टांगायचे इंजिन, घेऊन ठेवायचे. ते चालवण्याचे प्रशिक्षण आमच्यातल्या चार तरुणांनी घ्यायचे आणि मदत पोहोचेपर्यंत गल्लीतल्या वृद्धांना बाहेर काढता येईल इतकी तरी तयारी ठेवायची. मी कारखान्यात देखभाल विभागात बत्तीस वर्षे काढली असल्यामुळे खरेदीचे काम माझ्याकडे आले.

नवे इंजिन आवाक्याबाहेर होते. पुण्यातच जुनी यंत्रसामग्री विकणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे १५ अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक इंजिन असल्याचे कळले. त्याने व्हॉट्सॲपवर लिहून पाठवले, ‘रिसॉर्टचे इंजिन आहे, फक्त धरणाच्या गोड्या पाण्यात चाललेले, समुद्र पाहिलेला नाही.’ किंमत १ लाख ४० हजार ठरली. त्याच्या गोदामात इंजिन पाण्याच्या पिंपात लावून ठेवलेले होते. दोरी ओढताच ते सुरू झाले आणि मागच्या छिद्रातून इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार जोरात बाहेर पडू लागली. ‘धार बघा काका, पंप एकदम मस्त,’ असे तो म्हणाला. जेमतेम चार-पाच मिनिटांनी त्याने इंजिन बंद केले. काळा रंग चकचकीत होता, झिंकचा ठोकळा कोरा करकरीत होता आणि प्लग नवे होते. मला हे सारे निगराणीचे लक्षण वाटले. प्रत्यक्षात यातली प्रत्येक नवी वस्तू काहीतरी झाकण्यासाठी बसवलेली होती.

मुळशी तालुक्यातल्या एका परिचितांच्या शेततळ्यावर आम्ही चाचणी घेतली. पहिली दहा मिनिटे सगळे ठीक होते. चारजण बसवून पूर्ण वेग दिला आणि थोड्याच वेळात धोक्याचा भोंगा वाजू लागला, वेग आपोआप उतरला आणि इंजिन बंद पडले. झाकण काढले तर हेडमधून, म्हणजे सिलिंडरवरच्या टोपणातून, आलेला उष्ण झोत चेहऱ्याला भाजत होता. त्याही वेळी, बंद पडण्याच्या क्षणापर्यंत, मागची धार चालूच होती! हे मला कोड्यात टाकणारे होते.

कोडे सोडवले ते भोसरीतल्या एका मेकॅनिकने. तो मूळचा हर्णैचा असून मासेमारीच्या होड्यांची इंजिने दुरुस्त करत लहानाचा मोठा झालेला आहे. त्याने आधी काहीच उघडले नाही. बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते, तिच्या खालच्या बाजूचा रंग त्याने नखाने खरवडला. रंगाखाली पांढरे, वाटोळे, दगडासारखे घट्ट बसलेले तीन ठसे निघाले, प्रत्येक साधारण शर्टाच्या बटणाएवढा. ते बार्नेकलच्या कवचाचे बूड होते. हा जीव खडकांना आणि होड्यांच्या बुडाला चिकटून राहतो, आणि तो खाऱ्या पाण्यातला आहे. पानशेत किंवा पवनेच्या पाण्यात तो सापडत नाही. ‘काका, हे समुद्रात नुसतं चाललेलं नाही, समुद्रात टांगून ठेवलेलं होतं,’ असे तो शांतपणे म्हणाला.

पुढचे काम आम्ही सलग चित्रीकरण करत केले. इंजिनाच्या तापमानाप्रमाणे पाण्याची वाट उघडणारी झडप म्हणजे थर्मोस्टॅट. त्याच्या झाकणाचे दोन बोल्ट गॅसच्या ज्योतीने तापवूनही सुटेनात, आणि त्यातला एक मुंडीपाशीच तुटला. स्टीलचा बोल्ट आणि ॲल्युमिनियमचा भाग यांच्यामध्ये खारे पाणी राहिले की ॲल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी फुगून बोल्टला आवळून धरते. झाकण निघाले तेव्हा आतला थर्मोस्टॅट दिसतच नव्हता. चुन्याच्या डबीत कोरडा चुना कडेने साचावा, तसा करडा-पांढरा थर सगळीकडे भरलेला होता आणि जिथून पाणी जायला हवे, तिथे पेन्सिल शिरेल एवढीच वाट उरली होती. त्याने एक कण बोटावर घेऊन माझ्यासमोर धरला. मी तो जिभेला लावला. तो खारट होता.

थर कसा साचतो, हे त्याने समजावले. आउटबोर्ड इंजिन खालच्या जाळीतून बाहेरचे पाणी ओढते, पंपातले रबरी पात्यांचे चाक, म्हणजे इंपेलर, ते वर ढकलतो, आणि तेच पाणी सिलिंडर व हेडभोवतीच्या अरुंद वाटांमधून फिरून बाहेर पडते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. इंजिन बंद केल्यावर आत राहिलेले पाणी त्याच्याच उष्णतेने आटते आणि क्षार तिथेच बसतात. दुसऱ्या फेरीत त्यावर दुसरा थर चढतो. शिवाय मीठ हवेतली ओल धरून ठेवत असल्याने, इंजिन महिनोन्महिने कोपऱ्यात पडून असले तरी आतली झीज चालूच राहते.

हे टाळण्याचा उपाय इतका साधा आहे की तो न करणाऱ्याचा राग येतो. समुद्रातून परतल्यावर त्याच दिवशी इंजिन गोड्या पाण्याने फ्लश करायचे, म्हणजे आतून धुऊन काढायचे. खालच्या जाळीवर दोन्ही बाजूंनी बसणारे रबरी कप नळीला जोडून आधी पाणी सुरू करायचे, मग न्यूट्रलमध्ये मंद गतीवर दहा-पंधरा मिनिटे इंजिन चालवायचे, आणि बंद करताना आधी इंजिन, नंतर पाणी. पाण्याविना ते चालवले तर इंपेलर पाहता पाहता जळतो. काही इंजिनांना नळी जोडण्याचे वेगळे तोंड दिलेले असते आणि त्यांतल्या काहींमध्ये इंजिन बंद ठेवूनच फ्लश करायचे असते, म्हणून कंपनीची पुस्तिका आधी वाचावी. नंतर इंजिन उभे ठेवून आतले पाणी पूर्ण निथळू द्यायचे. एवढे कष्ट कोणीतरी कित्येक वर्षे घेतले नाहीत, आणि त्याचा भुर्दंड आमच्या सोसायटीने भरला.

आता त्या फसव्या धारेविषयी, कारण माझ्यासारखा यंत्रांत आयुष्य घालवलेला माणूसही तिलाच भुलला. धार जोरात येते, याचा अर्थ पंप पाणी वर ढकलतो आहे, इतकाच. अनेक इंजिनांत ही धार थर्मोस्टॅटच्या आधीच वेगळी फुटते, त्यामुळे पुढची वाट चोंदलेली असली तरी ती दिसत राहते. व्यापाऱ्याने नवा इंपेलर घातला होता. पिंपातल्या गार पाण्यात, भार नसताना, चार-पाच मिनिटांत इंजिन तापत नाही आणि म्हणूनच त्याने सहावे मिनिट होऊ दिले नाही. कोऱ्या झिंकचेही तसेच. इंजिनाचा मुख्य धातू वाचवण्यासाठी हा ठोकळा स्वतः झिजतो. काही वर्षे वापरलेल्या इंजिनावर तो कोरा असेल, तर जुना कुठे आहे आणि तो किती खाल्ला गेला होता, हे विचारायला हवे होते. मी ते विचारले नाही. गिअरचे तेलही काढून पाहिले नाही. भोसरीत ते काढले तेव्हा ताकासारखे पांढुरके निघाले, म्हणजे सीलमधून पाणी आत गेलेले होते.

व्यापाऱ्याला फोन केल्यावर त्याने पावतीवरचे ‘आहे त्या स्थितीत’ हे शब्द दाखवले. परंतु वस्तू वर्णनावरून विकली असेल तर ती त्या वर्णनाला उतरली पाहिजे, असे १९३० च्या माल विक्री कायद्याचे कलम १५ सांगते, आणि वर्णन त्याच्याच हातचे माझ्या फोनमध्ये होते. आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, वकिलांमार्फत नोटीस पाठवली आणि उत्तर न आल्याने जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. बोट व्यवसायासाठी नसल्याने आमची बाजू भक्कम आहे, असे वकिलांचे मत आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही आणि तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते. जे असे अडकले असतील त्यांनी ‘आता काय उपयोग’ म्हणून थांबू नये. मात्र इंजिन उघडण्याआधी चित्रीकरण आणि दोन साक्षीदार यांची व्यवस्था करावी, आणि विकणाऱ्याचे तोंडी आश्वासन पैसे देण्याआधी लेखी मागून घ्यावे.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त छळतो तो एक विचार. शेततळे शांत होते, काठ वीस हातांवर होता आणि बोटीत पोहता येणारी चार धडधाकट मुले होती. तेच इंजिन नदीच्या ओढीत, एखाद्या आजीला घेऊन निघालेले असताना बंद पडले असते तर?

गेल्या महिन्यात दुसरे एक जुने इंजिन पाहायला मी त्या हर्णैच्या मेकॅनिकला सोबत घेऊन गेलो. ‘थर्मोस्टॅटचे झाकण उघडून दाखवा, आणि नंतर पिंपात वीस मिनिटे चालवू,’ एवढेच आम्ही म्हणालो. विकणाऱ्या गृहस्थांनी स्वतःच पाना आणला. बोल्ट हाताने फिरले. आतला धातू ओला, करडा आणि स्वच्छ होता.