मांजर रात्री मोकळी सोडावी की आत घ्यावी?

सोयाबीन घरात आलं की पोत्यांमागे खुडबुड सुरू होते आणि मांजरीच्या पिल्लाची शोधाशोध चालते. पिल्लू आणण्याआधी एवढं ठरवा: ती रात्रंदिवस मोकळी राहणार, की दिवेलागणीला आत येणार?

मोकळ्या मांजरीचा फायदा खरा आहे. उंदीर नुसते घरात नसतात, गोठ्यात असतात, कुटाराच्या ढिगात असतात, आणि ती तिथवर पोचते. मात्र घुशीच्या बाबतीत तिच्यावर विसंबू नका. मोठ्या घुशीच्या वाटेला बहुतेक मांजरी जात नाहीत. त्यासाठी बिळं बुजवा, पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचा.

रात्रीचे धोके मात्र तिच्या एकटीच्या वाट्याला येतात. कुत्री, साप, बोक्यांच्या मारामाऱ्या. त्याहून वाईट म्हणजे विष. आमची एक मांजर सकाळी कुटारात मेलेली सापडली; शेजारी उंदराचं औषध ठेवलं होतं. औषध झिंक फॉस्फाईड असो की ब्रोमॅडिओलोन, ते खाल्लेला उंदीर मांजरीलाही बाधू शकतो. म्हणून घरात मांजर आणि औषध दोन्ही ठेवू नका, आणि शेजाऱ्यांनाही तसं सांगा. ढोरांच्या गोचिडांवर मारायचं डेल्टामेथ्रिनही मांजरीला घातक आहे. फवारलेलं अंग वाळेपर्यंत तिला गोठ्यात जाऊ देऊ नका.

आत ठेवायचं म्हटलं तर पहिला प्रश्न घराचा. स्लॅबचं घर असेल तर सोपं. कवेलूच्या घरात ती आड्यावरून कुठून निसटेल सांगता येत नाही, तिथे हट्ट धरण्यात अर्थ नाही. पण आत ठेवलेली मांजर बिनकामाची होते, हे काही खरं नाही. तिला धान्याच्या खोलीतच ठेवा, सोबत वाळूचं घमेलं आणि पाणी द्या. मांजर सर्वात चपळ असते ती तिन्हीसांजेला आणि पहाटे, म्हणून अंधार पडायच्या आधी जेवण आत द्या. रोज एकाच वेळी दिलं की ती आपणहून येऊ लागते. ‘उपाशी ठेवली तरच उंदीर मारते’ असं गावात म्हणतात, ते चूक आहे. पोट भरलेली मांजरही शिकार करते. उपाशी मांजर अन्नासाठी दूर भटकते. घमेलं रोज साफ करा, पण घरात गरोदर बाई असेल तर ते काम दुसऱ्याने करावं.

माझ्या मते दारापेक्षा नसबंदीचा निर्णय मोठा. मादी चार-पाच महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते आणि साधारण नऊ आठवड्यांत विते. वर्षात दोन-तीन वेतं झाली की ती पिल्लं जाणार कुठे? नसबंदी केलेला बोका कमी भटकतो, कमी भांडतो. तालुक्याच्या दवाखान्यात विचारा. तिथे सोय नसेल तर नागपूर आणि अकोल्याच्या पशुवैद्यकीय संस्थांमध्ये चौकशी करा. हे जमणारच नसेल, तर मादी आणू नका.

रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर, पुढे डॉक्टर सांगतील तशी. मोकळी ठेवणार असाल तर ही टाळूच नका. मांजर चावली किंवा ओरखडली तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आमच्याकडे आता ती दिवसा वावरात येते, सांजेला धान्याच्या खोलीत जाते.