मलेशिया सहलीचं मलय कार्ड: काठावर पास

कोथरूडमधली एक सहल कंपनी क्वालालंपूरला जाणाऱ्या गटाला तिकिटांच्या पाकिटातच लॅमिनेट केलेलं एक कार्ड देते. त्यावर ३० मलय वाक्यं आहेत, सगळी देवनागरीत. कल्पना झकास. रोमन लिपीतला 'सी' मलयमध्ये कायम 'च' असतो, त्यामुळे इंग्रजीच्या सवयीने वाचणारा 'अन्चिक'चं (आपलं 'साहेब') 'एन्सिक' करून टाकतो. देवनागरीत ही भानगडच नाही.

घोळ रोमन 'ई'ने घातलाय. त्याचे दोन उच्चार: एक 'ए', दुसरा आपल्या 'अ'सारखा तोकडा. कार्डवाल्यांनी सरसकट 'ए' छापला: 'तेरिमा कासिह', 'सेलामात पागी'. बोलतात मात्र 'तरिमा कासिह' (आभार) आणि 'सलामात पागी' (सकाळचा नमस्कार). 'बोलेह' (चालेल, जमेल) यात खरा 'ए' आहे. 'कासिह'चा शेवटचा 'ह' ऐकू यायला हवा. 'अन्चिक'चा 'क' उलट घशातच अडवायचा.

याहून मोठी चूक म्हणजे निम्मा मजकूर इंडोनेशियाचा आहे. दुपारसाठी 'सलामात सियांग' छापलंय. मलेशियात भर दुपारी 'सलामात तङाह हारी' आणि दुपार कलल्यावर 'सलामात पतांग'. 'जमेल का?' साठी 'बिसा' दिलंय. मलेशियात त्याचा रोजचा अर्थ विष! समोरचा समजून घेतो, पण छापील कार्डावर हे शोभत नाही.

'प्लीज'साठी सगळीकडे 'सिला' वापरलंय, तेही चूक. 'सिला दुदुक' म्हणजे 'बसा ना', म्हणजे आग्रह करताना 'सिला'. काही मागायचं असेल तर 'तोलोंग': 'तोलोंग बागी आयर कोसोंग सातू', एक साधं पाणी द्या. गर्दीतून वाट काढताना 'माआफ' पुरतं. आपलं 'माफ' आणि हे, दोन्ही अरबीतून आलेले. 'आपा खाबार?' (कसे आहात?) मधली 'खबर'ही तशीच.

सगळ्यात खटकतं ते संबोधनांचं पान नसणं. पुण्यात रिक्षावाल्याला 'दादा' आणि भाजीवालीला 'मावशी' म्हणणाऱ्यांना हे सहज जमलं असतं. तिथे तरुण विक्रेत्याला 'बांग', तरुणीला 'काक', वयस्क बाईंना 'माक चिक', पुरुषांना 'पाक चिक'. हॉटेलच्या काउंटरवर किंवा कचेरीत 'अन्चिक' आणि बाईंना 'पुआन'. अनोळखी माणसाला 'कामू' म्हणू नये, ते एकेरी आहे. 'तरिमा कासिह, काक' एवढ्याने सूर बदलतो. उत्तरादाखल 'सामा-सामा' येतं.

शाकाहाराची ओळ बरोबर आहे: 'साया ताक माकान दागिंग, आयाम, इकान' (मांस, कोंबडी, मासे खात नाही). पण पालेभाजीत आणि सांबालमध्ये (मिरचीची चटणी) बलाचान, म्हणजे कोळंबीचा आंबवलेला गोळा, पडतो आणि विकणाऱ्याच्या हिशेबी ते 'मांस' नसतंच. म्हणून 'जांगान लताक बलाचान' (बलाचान घालू नका) हे वेगळं सांगावंच लागतं. नासी लमाकवरचे (नारळाच्या दुधातला भात) सुके इवले मासे, इकान बिलिस, तेही वगळायला सांगा.

उजव्या हाताचा अंगठा पुढे करून दिशा दाखवावी, तर्जनीने नाही, हे चित्र मात्र छान काढलंय.

फुकट कार्डाला ५ पैकी २.५. रोमन लिपी अजिबात नसल्याने पाट्या वाचताना त्याचा उपयोग नाही. मागची बाजू कोरी आहे; तिथे मार्करने 'तान्दास' (tandas, स्वच्छतागृह) आणि 'कलुआर' (keluar, बाहेर जाण्याचा मार्ग) रोमनमध्ये लिहून घ्या. 'तान्दास दि माना?' (स्वच्छतागृह कुठे आहे?) हेही लिहा, कारण कार्डावर त्यासाठी दिलेलं 'कामार मांदी' म्हणजे न्हाणीघर.