'रिबेका' पाहायचाय, पण कुठला?

'रिबेका'वरचा कुठलाही चित्रपट समोर आला की मी आधी एकच गोष्ट बघते. त्यातली दुसरी बायको पुरेशी बुजलेली वाटते का? डॅफ्नी ड्यू मोरिएनं १९३८च्या या कादंबरीत तिला नावसुद्धा दिलेलं नाही. एका श्रीमंत बाईची पगारी सोबतीण म्हणून माँटे कार्लोला आलेली ही एकविशीतली मुलगी बेचाळिशीच्या बिजवराशी लग्न करते आणि समुद्राकाठच्या मॅन्डर्ली नावाच्या अवाढव्य घरात येऊन पडते. तिथे जिकडेतिकडे पहिल्या बायकोच्या, रिबेकाच्या खुणा. आणि मालकिणीची जागा दुसऱ्या कुणी घेऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसलेली, घराचा कारभार पाहणारी मिसेस डॅनव्हर्स. ही मुलगी त्या घरात अंग चोरून वावरली नाही, तर उरलेलं सगळं नुसतं देखणं नेपथ्य होऊन बसतं.

पुढे रहस्य फुटणार आहे. ते स्वतःच उलगडायचं असेल तर १९४०चा चित्रपट पाहून या आणि मग वाचा. एकच 'रिबेका' पाहायचा असला तरी माझं उत्तर तेच आहे.

तो आल्फ्रेड हिचकॉकचा अमेरिकेतला पहिला चित्रपट. सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि कृष्णधवल छायाचित्रण अशी दोन ऑस्कर त्याला मिळाली. नायक मॅक्सिम डी विंटर झालेल्या लॉरेन्स ऑलिव्हिएला नायिका म्हणून विव्हियन ली हवी होती, मिळाली जोन फॉन्टेन. सेटवर आपण कुणाला नको आहोत, ही तिची भावना हिचकॉकनं जाणूनबुजून जागी ठेवली, असं तिनंच पुढे सांगितलं. वागणं क्रूरच, पण त्या दडपणाची छाया पडद्यावर उतरली आहे. मॅन्डर्लीत आल्यावर घरातला फोन वाजतो, ती उचलते आणि 'मिसेस डी विंटर तर वर्षापूर्वीच वारल्या' असं बोलून जाते. मिसेस डी विंटर आता आपणच आहोत, हे तिला फोन ठेवता ठेवता उमगतं. काही क्षणांचा प्रसंग, पण मुलगी पुरती कळते.

दुसरा प्रसंग रिबेकाच्या बंद खोलीतला. ज्युडिथ अँडरसनची डॅनव्हर्स कपाटातला फरचा कोट काढते, त्याची बाही आधी स्वतःच्या गालावरून फिरवते, मग या मुलीच्या. नंतर झिरझिरीत नाइटगाउनच्या आत हात घालून तो आरपार कसा दिसतो ते दाखवते. आवाज चढत नाही, धमकी नाही, पापणीही फारशी लवत नाही. डॅनव्हर्स चालताना जवळजवळ दिसूच नये, मुलीनं वळून पाहावं तर ती तिथे उभी असावी, अशी हिचकॉकची योजना होती. पुन्हा पाहताना याकडे मुद्दाम लक्ष द्या. रिबेका तर चित्रपटभर कुठेच दिसत नाही, एखादा फोटोसुद्धा नाही. रिबेका मेली त्या रात्रीची हकीकत मॅक्सिम सांगतो तेव्हा कॅमेरा रिकाम्या खोलीत, ती जिथे जिथे उठली, चालली असेल तिथे तिथे सरकतो. एवढ्यावर ती उभी राहते.

याच ठिकाणी चित्रपटाची मोठी उणीवही आहे. कादंबरीत मॅक्सिम रिबेकाला गोळी घालतो. तेव्हाच्या हॉलिवूडच्या आचारसंहितेत बायकोचा खून करून नवरा मोकळा सुटलेला चालत नव्हता. म्हणून इथे ती पडते, डोक्याला मार लागून मरते. खरं तर कादंबरीची सगळी अस्वस्थता इथेच आहे. नवरा खुनी आहे हे कळल्यावर या मुलीला पहिला आनंद होतो तो त्यानं रिबेकावर कधी प्रेमच केलं नव्हतं याचा. गोळी काढून घेतली की तिचा हा आनंद निर्धोक होतो.

२०२०चा नेटफ्लिक्सवरचा, बेन व्हीटलीचा चित्रपट ही गोळी परत आणतो आणि त्याबद्दल त्याला श्रेय द्यायलाच हवं. पण तोवर फार उशीर झालेला असतो. लिली जेम्स आणि आर्मी हॅमर यांच्यात जेमतेम तीन वर्षांचं अंतर. दोघंही तरुण, देखणे, उन्हात न्हालेले, त्याचा मोहरीच्या रंगाचा सूट तर डोळ्यांत भरतो. ही जोडी पाहून काळजी वाटतच नाही, आणि काळजी वाटली नाही तर मॅन्डर्लीचं भय कुठून यावं? उत्तरार्धात नायिका स्वतः रिबेकाच्या डॉक्टरच्या कागदपत्रांत शिरून शोध घेते. आजच्या काळाला साजेशी धडाडी आहे, पण तिच्या लाचारीवर बेतलेली गोष्ट त्यानं सैल पडते. क्रिस्टिन स्कॉट थॉमसची डॅनव्हर्स मात्र चोख. तिच्यात थंडपणाच्या खाली दुःख दिसतं, आणि म्हणून शेवटी ती समुद्रात उडी घेते ते पटतं. जुने कृष्णधवल चित्रपट बघवत नाहीत अशा घरच्या तरुण मंडळींबरोबर बसायचं असेल, तर हा लावा.

आईबरोबर, मावशीबरोबर बघायचा असेल तर मी बेलाशक 'कोहरा' म्हणेन. १९६४चा हिंदी चित्रपट, हेमंत कुमार यांची निर्मिती आणि संगीत, दिग्दर्शक बीरेन नाग. नाग मूळचे कलादिग्दर्शक, गुरुदत्तच्या 'प्यासा'चं कलादिग्दर्शन त्यांचंच. त्यामुळे हवेली, पडदे, धुकं यांच्यावर त्यांचा हात बसलेला आहे. इथे नायिकेला नाव मिळालं आहे, राजेश्वरी, आणि वहिदा रहमानच्या चेहऱ्यावर ती भीती काय सुंदर उतरते! 'ये नयन डरे डरे' हे प्रेमगीत आहे, पण डोळ्यांतली भीती त्यातही सुटत नाही. मूळ कथेत भूत नाही, फक्त आठवण आहे. 'कोहरा' भुताच्या आभासाला थेट हात घालतो, आणि लताबाईंचं 'झूम झूम ढलती रात' ऐकल्यावर तक्रार करावीशी वाटत नाही. विनोदी प्रसंग मात्र खुशाल पुढे ढकला.

आणि डॅनव्हर्सच्या जागी दाईमाँ, म्हणजे आपल्या ललिता पवार. त्यांना खाष्ट सासू म्हणून ओळखणाऱ्यांनी ही भूमिका पाहायलाच हवी. १९४२ साली चित्रीकरणात बसलेल्या थपडेनं त्यांच्या डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. तो किंचित बारीक झालेला डोळा इथे मेणबत्तीच्या उजेडात राजेश्वरीकडे बघतो तेव्हा संवादाची गरजच उरत नाही. अँडरसनची डॅनव्हर्स घरात परकी वाटते. दाईमाँ घरातलीच आहे, म्हणून तिचा दरारा मला जास्त जवळचा, जास्त खरा वाटतो.

ज्यांनी कादंबरी वाचली आहे आणि जिला कात्री लावलेली सोसत नाही, त्यांच्यासाठी छोट्या पडद्यावरच्या दोन मालिका आहेत. बीबीसीची १९७९ची, चार भागांची. जेरेमी ब्रेटचा मॅक्सिम, जोआना डेव्हिडची नायिका आणि ॲना मॅसीची डॅनव्हर्स. मॅसी ही ब्रेटची घटस्फोटित पत्नी, हे माहीत असलं की दोघांच्या प्रसंगांना वेगळीच धार येते. चित्रीकरण आज जुनाट वाटेल, पण नायिकेच्या मनातली घालमेल सावकाश उलगडायला इथे वेळ मिळाला आहे. १९९७च्या मालिकेत नायिका आहे एमिलिया फॉक्स, जोआना डेव्हिडचीच मुलगी, समोर पन्नाशीचा चार्ल्स डान्स. वयाचं अंतर इथे डोळ्यांना बोचतं, आणि ते बोचायलाच हवं. डॅनव्हर्स झालेल्या डायना रिगला एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. पण रिबेकाला ओझरतं का होईना, पडद्यावर आणायचा मोह या मालिकेला आवरला नाही. म्हणून दोन्हींपैकी एकीलाच वेळ देता येणार असेल, तर १९७९ची निवडा.