एनएमएमएस शिष्यवृत्ती : पैसे येतात, फक्त कुठल्या खात्यात ते आधी बघा

पाचापैकी चार स्टार.

मी विट्यात यंत्रमागावर कामाला. पोरगी अनुदानित शाळेत, यंदा दहावीला. आठवीत असताना तिच्या बाईंनी एनएमएमएसचा, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार पोरांच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला लावला. मला वाटलं, ही आपली नेहमीची आठवीची स्कॉलरशिप. ती वेगळी, राज्याची. ही केंद्राची, २००८ पासून चालू आहे. निवड यादीत नाव आलं की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये.

परीक्षा सोपी नाही. दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न. एक विज्ञान, गणित, इतिहास-भूगोलाचा, तो वर्गातलाच. दुसरा बुद्धिमत्तेचा, त्यानं घाम काढला. रात्रपाळी करून घरी आलो की पोरगी भिंतीवरचा आरसा मांडीवर घेऊन त्यात घड्याळ बघत बसलेली असायची. आरशात पावणेचार दिसले तर खरे किती?

अटी मला पटल्या. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, सातवीला ५५ टक्के (एससी-एसटीला ५०) आणि शाळा सरकारी, झेडपी-पालिकेची किंवा अनुदानित. आमच्या शेजारच्यांचा मुलगा विनाअनुदानित इंग्लिश मीडियमला. वडील गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला, परराज्यात. त्यांनी फोन करून विचारलं, "आमच्या पोराचं बसंल का?" नाही बसत. नवोदयवाल्यांचंही बसत नाही. झेडपीत नाहीतर अनुदानित शाळेत पोर घातलं म्हणून काहीतरी पदरात पडतंय, हे मी पहिल्यांदा बघितलं.

आता मनस्ताप. शिष्यवृत्तीसाठी म्हणून नवीन खातं काढलं, पासबुक पोर्टलवर दिलं. तीन महिने एन्ट्री मारून आणतोय, काही नाही. बँकेतले साहेब म्हणाले, "आधार लिंक आहे, येतील." चौथ्या खेपेला दुसऱ्या काउंटरवरच्या मॅडमनी सांगितलं, खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि सरकारी पैशासाठी सीडिंग वेगळं. सीडिंग एका वेळी एकाच बँकेत असतं आणि पैसे तिथंच जातात, फॉर्मवर नंबर काहीही लिहा. आधारच्या वेबसाइटवर बघितलं तर पाचवीत दुसऱ्या कामासाठी काढलेल्या खात्याच्या बँकेचं नाव! ते पासबुक डब्यात तळाला, सोनोग्राफीच्या फायलीखाली सापडलं. एन्ट्री मारली, १२,००० पडून होते. चार दिवसांची हजेरी बुडाली ती बुडालीच.

तेव्हा फॉर्म भरायच्या आधी सीडिंग बघा. मोबाइलवर दोन मिनिटांत दिसतं. उत्पन्नाचा दाखलाही आधीच काढून ठेवा, जून-जुलैत सेतूत उभं राहायला जागा नसते. आणि एकदा मिळाली म्हणून गाफील राहू नका, दर वर्षी रिन्यूअल भरावं लागतं. दहावीला ६० टक्के पडले नाहीत तर अकरावीपासून बंद; एससी-एसटीला ५५ चालतात.

पैशांचं काय केलं? पोरीला एसटीचा पास मोफतच आहे, त्यामुळं तो खर्च नव्हता. सायन्सच्या क्लासची फी भरली, चष्मा केला. उरलेले तिच्याच खात्यात.

एक स्टार बँकेपायी कापणार होतो, पण त्यात योजनेचा काय दोष? तो रकमेसाठी कापला. २०१७ मध्ये महिन्याचे पाचशेचे हजार केले, तेव्हापासून हजारच. क्लासवाले काही तिथं थांबलेले नाहीत.