सॅम्पल १८० चं, माल १५० चा

नव्या कपड्यांच्या ब्रँडची फसवणूक बहुतेक वेळा एका सुरेख सॅम्पलपासून सुरू होते. कापड भरदार, शिलाई सरळ, गळ्याची रिब घट्ट. ते हातात घेऊन ५०० टी-शर्टची ऑर्डर दिली जाते, निम्मे पैसे आगाऊ जातात, उरलेले माल निघण्याआधी. खोकी उघडल्यावर पहिलाच टी-शर्ट हलका लागतो. विचारलं की उत्तर तयार असतं, "कापड तेच आहे, लॉट वेगळा आहे." सॅम्पल कारखान्यातच राहिलेलं असतं आणि ऑर्डरच्या कागदावर फक्त "कॉटन टी-शर्ट, काळा" एवढंच लिहिलेलं असतं. मग भांडायचं तरी कशावर?

हे फुल पॅकेजमध्ये घडतं, म्हणजे सूत, कापड, बटणं, शिलाई, पॅकिंग सगळं कारखान्याच्या अंगावर. नवख्याला हे सोपं वाटतं आणि ते सोपं आहेच. पण कापड कुठून आलं हे तुम्हाला दिसत नाही. १८० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) जागी १५० चं कापड लावलं की सुताचा सहावा हिस्सा वाचतो. एका टी-शर्टला २०० ग्रॅम कापड लागत असेल तर ५०० नगांत साधारण १६-१७ किलो. तो पैसा थेट समोरच्याच्या खिशात जातो, आणि नुसत्या डोळ्यांनी ग्राहकालाच काय, तुम्हालाही फरक सांगता येत नाही.

तपासायला मात्र प्रयोगशाळा लागत नाही. माल आला की एक नग बळी द्यायचा. त्याच्या पाठीतून बरोबर १० बाय १० सेंमीचा चौकोन कापायचा आणि दोन दशांश स्थळं दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर ठेवायचा. जितके ग्रॅम भरतील त्याला १०० ने गुणलं की जीएसएम. १.८० भरलं तर १८०, १.५२ भरलं तर १५२. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, त्याहून जास्त नाही. सुती कापड हवेतला ओलावा धरतं, म्हणून सॅम्पल आणि माल एकाच दिवशी, एकाच काट्यावर मोजा. शिवाय एक अख्खा नग धुण्याआधी आणि धुऊन खडखडीत वाळल्यावर तोला. वजन बरंच उतरलं तर ते कापड नव्हतं, त्यावर चढवलेलं फिनिश होतं.

"हाच कपडा" हे तोंडी ठरवून चालत नाही. मोठ्या लॉटसाठी आलेल्या कापडातूनच, रोजच्या शिलाई लाइनवर दोन सॅम्पल शिवून घ्यायची. सॅम्पल रूममधला कारागीर सगळ्यात निष्णात असतो, त्याच्या हातचा नमुना पाहून ऑर्डर देणं म्हणजे स्वतःची दिशाभूल. दोन्हींच्या टॅगवर दोघांच्या सह्या, एक त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे सीलबंद. कागदावर जीएसएम, सुताचा प्रकार, मापं, इंचाला टाके किती, धुतल्यावर किती आटलेलं चालेल, सगळं लिहा.

आता दुसरं टोक, जॉबवर्क. व्यवहारात याला सीएमटी म्हणतात. कापड तुमचं, कारखाना कापतो, शिवतो, ट्रिम म्हणजे बटणं-लेबलं लावतो. दर स्वस्त दिसतो म्हणून नवे लोक इकडे धावतात. इथे चोरी कापडाच्या दर्जात नसते, हिशेबात असते. कटिंग मास्टर सांगतो, एका नगाला २४० ग्रॅम लागेल. खरा मार्कर, म्हणजे कापडावर भाग कापण्यासाठी केलेली मांडणी, २०० मध्ये बसतो. ५०० नगांसाठी तुम्ही १२० किलो पाठवता, लागतं १००. वीस किलो कापड, म्हणजे आणखी १०० टी-शर्ट, बिनबोभाट बाजूला.

याला एकच उपाय, वजनाचा ताळेबंद. तयार नगांचं वजन, कतरणीचं वजन आणि उरलेले तुकडे व तागे मिळून पाठवलेल्या कापडाइतकं भरलं पाहिजे. ५०० नग प्रत्येकी १७० ग्रॅमचे, म्हणजे ८५ किलो. चांगल्या मार्करमध्ये साधारण १५ टक्के कापड कतरणीत जातं, म्हणजे १५ किलो. १२० मधून हे १०० वजा केलं की २० किलोचे तागे परत दिसलेच पाहिजेत. "कतरण फेकून दिली" हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. कतरण परत देणं करारात आधीच लिहून घ्या आणि कटिंगच्या दिवशी थर किती, एका मार्करमध्ये नग किती, हे स्वतः मोजून या.

तिथेच आणखी एक युक्ती दिसेल. निटचं, म्हणजे टी-शर्टचं ताणलं जाणारं होजिअरी कापड ताग्यातून काढून निदान २४ तास मोकळं ठेवावं लागतं. ते न करता ताणून अंथरलं की थोड्या कापडात जास्त नग बसतात. नंतर कापड सैलावतं, भाग आखूड होतात, एका धुण्यात टी-शर्ट कमरेच्या वर चढतो. दोष मात्र तुमच्या कापडावर ढकलला जातो. म्हणून कापड पाठवण्याआधीच त्यावर ५० सेंमीचा चौकोन आखून धुऊन बघा. ४७.५ उरलं तर ५ टक्के आटलं. हा आकडा तुमच्या हातात असेल तर तो वाद उभाच राहत नाही.

तयार मालावर आपलं लेबल लावणं, म्हणजे व्हाइट लेबल, यात पैसा कमी अडकतो. फक्त "हा फिट दुसऱ्या कोणाला देत नाही" यावर विश्वास ठेवू नका. पुढच्या लॉटला काळ्याची छटा बदलेल हे गृहीत धरूनच माल उचला.

पहिल्या ऑर्डरसाठी आमचं मत स्पष्ट आहे. कापड ओळखता येत नसेल तर जॉबवर्क नको. फुल पॅकेज घ्या, पण कापडाचा तुकडा सही करून मंजूर करा आणि शेवटचा हप्ता तपासणीनंतरच द्या. ५०० नगांच्या लॉटमधून वेगवेगळ्या खोक्यांतले ५० नग काढा. एक्यूएल (लॉटमध्ये किती दोष चालतील याची मर्यादा) २.५ च्या तक्त्याप्रमाणे त्यात ३ पर्यंत दोषी निघाले तर लॉट पास, ४ निघाले की परत. खोकी तुम्ही निवडायची, त्यांनी पुढे केलेली नव्हे.

पॅटर्न आणि मार्करची फाइल आगाऊ रकमेबरोबरच मागून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी कारखाना बदलायचा म्हटलं की तीच अडवून धरली जाते. लेबलं मोजून द्या, नगांपेक्षा फार तर दोन-तीन टक्के जास्त, आणि उरलेली मोजून परत घ्या. नाकारलेल्या नगांची लेबलं तुमच्यासमोर कापली गेली पाहिजेत. नाहीतर तेच नग तुमच्या नावाने, निम्म्या भावात, दुसरीकडे विकले जातात.