शाळेच्या ग्रंथालयाची यादी ऑनलाइन: कोहा की गूगल शीट?

सांगली-साताऱ्याकडच्या बऱ्याच हायस्कुलांत चित्र साधारण सारखंच दिसतं. चार-पाच हजार पुस्तकं, दाखल रजिस्टर नीट भरलेलं, एक संगणक, आणि ग्रंथालयाचा कार्यभार अशा शिक्षकांकडे ज्यांना स्वतःचे तासही घ्यायचे असतात. मुलांना घरी मोबाईलवर यादी दिसावी आणि कोणतं पुस्तक जागेवर आहे ते कळावं, एवढीच गरज. कोहा हे ग्रंथालय चालवायचं सॉफ्टवेअर आणि गूगल शीट, असे दोन्ही पर्याय हाताळून आम्ही शीटवर स्थिरावलो. तुमची परिस्थिती वेगळी असू शकते, म्हणून दोन्हींबद्दल लिहितो.

कोहाची बाजू आधी, कारण ती भक्कम आहे. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयात 2000 साली सुरू झालेली ही प्रणाली मुक्त स्रोत आहे, परवान्याचा खर्च नाही. देवघेव, मुदत, आरक्षण, प्रत्येक मुलाचं खातं, सगळं तयार मिळतं. सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे लेखकांच्या प्रमाण नोंदी. एकाच कपाटात ‘साठे, अण्णा भाऊ’, ‘अण्णाभाऊ साठे’ आणि ‘साठे अण्णाभाऊ’ अशा तीन तऱ्हा सापडतात. माडगूळकरांच्या ‘ळ’च्या आधीचा ‘गू’ कधी दीर्घ, कधी ऱ्हस्व. कोहात मुख्य नाव एकदा ठरवलं आणि बाकीची रूपं त्याला जोडली की ती सगळी एकाच नोंदीकडे नेतात. शीटमध्ये हे नसतं. तिथे लेखकांचं वेगळं पान करून ड्रॉपडाऊन लावायचा, म्हणजे नवीन नाव हाताने टाईप करायची सोयच राहत नाही. काम भागतं, पण कोहाइतकं नेटकं नाही.

नोंदीचा वेग मात्र उलटा. कोहात एक पुस्तक चढवायला मार्क या ग्रंथालयीन नोंदींच्या ठरलेल्या साच्याचे क्रमांकवार रकाने भरावे लागतात: 100 मध्ये लेखक, 245 मध्ये शीर्षक, 082 मध्ये वर्गांक, 952 मध्ये प्रतीचा तपशील. इंग्रजी पुस्तकाची तयार नोंद बाहेरून ओढता येते. मराठी बालसाहित्याची क्वचितच मिळते आणि जुन्या पुस्तकांवर आयएसबीएनही नसतो. सवय झाल्यावरही एका पुस्तकाला चार-पाच मिनिटं जातात. शीटमध्ये मिनिटभरात ओळ होते.

आता ज्या एका गोष्टीने आमचा निर्णय झाला ती. मराठी शोध.

‘कऱ्हाड’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाईप होतो. काही कळफलक नुक्तावाला ऱ आणि हलन्त देतात, काही साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी एकसारखे दिसतात: कऱ्हाड, कर्‍हाड. शीटमधल्या लेन या फॉर्म्युल्याला विचारा, पहिल्याची लांबी 6 येते, दुसऱ्याची 7. संगणकाच्या लेखी हे दोन वेगळे शब्द आहेत. म्हणजे नोंद एका कळफलकावर झाली आणि मुलाने दुसऱ्यावर शोधलं, तर पुस्तक कपाटात असून उत्तर ‘सापडलं नाही’. साताऱ्याचा, वाऱ्याचा, दऱ्याखोऱ्यांचा, सगळ्यांची हीच गत. ‘ॲ’ आणि ‘अॅ’चंही तेच. एक-दोनदा रिकाम्या हाती परतलेलं मूल पुन्हा यादी उघडत नाही, आणि मग ती ऑनलाइन करायची मेहनत वाया जाते.

कोहात हे दुरुस्त होतं, पण सर्व्हरवर. त्यातलं झेब्रा हे शोधयंत्र मूळ मांडणीत देवनागरीसाठी तयार नसतं. ते आयसीयू या वेगवेगळ्या लिप्या जाणणाऱ्या पद्धतीवर न्यावं लागतं आणि मग शोधाची सगळी अनुक्रमणिका नव्याने बांधावी लागते. त्यानंतरही दोन ‘ऱ्ह’ आपोआप एक होतीलच असं नाही, त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो. लिनक्स जाणणारा माणूस शाळेत असेल तर हे अर्ध्या दिवसाचं काम. नसेल तर प्रत्येक वेळी बाहेरच्या माणसाची वाट बघा, आणि आवृत्ती बदलल्यावर मांडणी टिकली का तेही तपासा.

शीटमध्ये हेच काम शिक्षक स्वतः करू शकतात. शीर्षक आणि लेखक जसेच्या तसे ठेवायचे. शेजारी ‘शोध’ नावाचा रकाना घ्यायचा आणि त्यात एका अक्षराजागी दुसरं घालणारा सबस्टिट्यूट फॉर्म्युला तीनदा एकात एक बसवायचा: ऱ चा र करायचा, ॲ चा अॅ करायचा आणि युनिकॅर 8205 म्हणजे ते अदृश्य जोडचिन्ह काढून टाकायचं. दोन्ही कऱ्हाड मग ‘कर्हाड’ होतात, रफार ‘हा’च्या डोक्यावर चढतो. दिसायला चूक, म्हणून हा रकाना लपवून ठेवायचा. मुलं ज्या चौकटीत शब्द लिहितात तिच्यावरही हेच बदल करून मग फिल्टर लावायचा. दुसरी बाजू विसरली तर सगळी खटपट फुकट जाते.

ही शोधचौकट ग्रंथालयातल्या एकाच संगणकावर ठेवा, बाकी सगळे रकाने संरक्षित करा. घरी पाठवायचा दुवा फक्त बघण्याचा असतो आणि त्यात चौकटीत लिहिता येत नाही. घरासाठी ‘वेबवर प्रकाशित करा’ वापरून विषयवार वेगळी पानं द्या. पाच हजार ओळींचं एकच पान साध्या मोबाईलवर रखडतं.

शीटचे दोन धोके गंभीर आहेत. पहिला, क्रम लावताना कुणी एकच रकाना निवडला तर शीर्षकं हलतात आणि दाखल क्रमांक जागेवर राहतात, म्हणजे सगळी यादी चुकीची. म्हणून क्रम लावायचा तो फिल्टर व्ह्यूमध्येच, म्हणजे मूळ यादी न हलवता वेगळा क्रम दाखवणाऱ्या सोयीत. झालंच तर आवृत्ती इतिहासातून आदल्या दिवशीची प्रत परत आणता येते. दुसरा, मुलांची नावं आणि पालकांचे नंबर. देवघेवीचं पान त्याच फाईलमध्ये लपवून ठेवणं सुरक्षित नाही, कारण बघणारा फाईलची प्रत काढून ते पान उघडू शकतो. देवघेवीची फाईल वेगळी ठेवा आणि यादीत फक्त ‘आत’ किंवा ‘बाहेर’ एवढंच इम्पोर्टरेंज या दुसऱ्या फाईलमधून माहिती आणणाऱ्या फॉर्म्युल्याने आणा.

देवघेव म्हणजे चार रकाने: दाखल क्रमांक, हजेरी क्रमांक, दिल्याची तारीख, परत आल्याची तारीख. शेवटचा रकाना रिकामा आणि दिल्याला चौदा दिवस उलटलेले असतील तर ओळ लाल करायची. बारकोड स्कॅनर दोन्हीकडे चालतो.

कागदी दाखल रजिस्टर कुठल्याही पर्यायात बंद करू नका. तपासणीला आणि निर्लेखनाला तेच लागतं. फक्त त्याच्या प्रत्येक पानाचा फोटो ऑनलाइन ठेवा. ऑगस्ट 2019 च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली होती, आणि धोक्याची पातळी आहे 45. तळमजल्यावरच्या कपाटांचं अशा वेळी काय होतं ते सांगलीकरांना सांगायला नको.

पुस्तकं दहा हजारांच्या पुढे असतील, पूर्णवेळ ग्रंथपाल असतील किंवा संस्थेच्या चार-पाच शाळांची यादी एकत्र हवी असेल, तर कोहाच घ्या. त्या आकाराला शीट पुरत नाही. बाकी शाळांनी आधी शीट करावी असं मला वाटतं, कारण पुढे कोहाकडे जायचा रस्ता खुला राहतो: शीटची सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराची फाईल, काढून मार्कएडिट या सॉफ्टवेअरमधून मार्क नोंदी बनवता येतात. त्यासाठी पहिल्या दिवसापासून लेखक, शीर्षक, प्रकाशक, प्रकाशन स्थळ आणि वर्ष हे रकाने वेगळे ठेवा. जुनी यादी श्री-लिपीसारख्या फॉन्टमध्ये असेल तर ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. आणि एक्सेलमधून सीएसव्ही साठवताना ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ हाच प्रकार निवडा, साध्या सीएसव्हीत मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात.