पोलीस तक्रार प्राधिकरण: खिडकी आहे, पण खिडकीमागे माणसं किती?

हॉटेलचं परीक्षण लिहिताना चव, दर आणि सेवा पाहतात. पोलिसांविरुद्ध तक्रार ऐकणारी सरकारी यंत्रणा हीसुद्धा सेवाच आहे आणि तिचे पैसे आपण करातून आधीच भरलेले असतात. म्हणून ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, पनवेल या पट्ट्यातल्या माणसाला ती प्रत्यक्षात कशी वापरता येते, कुठे अडते आणि का अडते, ते इथे पाहू. निकाल आधीच सांगतो: मेनूकार्ड उत्तम, स्वयंपाकघरात हात कमी.

२२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोलीस सुधारणांबाबतच्या प्रकाश सिंह खटल्यात सात निर्देश दिले. त्यातला सहावा पोलीस तक्रार प्राधिकरणाचा. राज्य पातळीवर एक आणि प्रत्येक जिल्ह्यात एक, अशी कल्पना होती. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून राज्य प्राधिकरण आणलं, खालचं मात्र जिल्ह्याऐवजी महसूल विभागाला जोडलं. वाचताना हा फरक छोटा वाटतो. कोकण विभाग म्हणजे मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. सात जिल्ह्यांना सात प्राधिकरणं मिळायची ती एकावर भागवली. त्यात मुंबई, ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदर-वसई-विरार ही चार शहर आयुक्तालयं, लोहमार्ग पोलीस वेगळे आणि पाच जिल्ह्यांचे अधीक्षकही आले. विभागाचं मुख्यालय सीबीडी बेलापूर, म्हणजे आपल्याला लोकलच्या अंतरावर. सावंतवाडीच्या माणसाला तोच प्रवास साडेचारशे किलोमीटरहून जास्त पडतो.

ढोबळ हिशेब असा: वरिष्ठ निरीक्षक आणि त्याखालच्या हुद्द्यांची तक्रार विभागीय प्राधिकरणाची, त्यावरच्यांची मुंबईतल्या राज्य प्राधिकरणाची. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा त्याचा प्रयत्न, कायद्याची पद्धत न पाळता अटक किंवा डांबून ठेवणं, भ्रष्टाचार, खंडणी, घर किंवा जमीन बळकावणं आणि अधिकाराचा गंभीर गैरवापर हे विषय इथे चालतात. ‘साहेब नीट बोलले नाहीत’ हा विषय चालत नाही. एफआयआर घेतला नाही एवढीच तक्रार असेल तर इथे वेळ घालवू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १७३(४) खाली अधीक्षक किंवा उपायुक्तांना लेखी अर्ज पाठवा, तरीही हलले नाहीत तर १७५(३) खाली दंडाधिकारी. तो रस्ता सरळ आहे.

खाकी कोणाची हेही आधी पाहून घ्या. ठाणे किंवा वाशी स्थानकात आरपीएफच्या (रेल्वे सुरक्षा दलाच्या) जवानाने त्रास दिला तर ते केंद्राचं दल आहे, राज्याच्या प्राधिकरणाकडे ते येत नाही. लोहमार्ग पोलीस येतात. महापालिकेच्या अतिक्रमण पथकाशी भांडण असेल तर ही जागाच नव्हे. खारघर, कामोठे, पनवेल, उरण हे रायगड जिल्ह्यात असले तरी पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचे. अर्जाच्या डोक्यावर ‘जिल्हा रायगड’ लिहून अलिबागला अधीक्षकांकडे पाठवलेलं पाकीट फिरत-फिरत बेलापूरला येतं आणि तेवढे आठवडे फुकट जातात.

आता अर्ज. चांगला अर्ज दोन पानांत बसतो. तारीख, वेळ, पोलीस ठाण्याचं नाव, कोणत्या खोलीत घडलं, कोण होतं. नाव माहीत नसेल तर बक्कल नंबर, तोही नसेल तर त्या वेळचा ठाणे अंमलदार कोण होता ते विचारा. स्टेशन डायरीत त्याची नोंद असते. ११२ वर फोन केला असेल तर कॉलची वेळ लिहा आणि मोबाईलच्या कॉल यादीचा स्क्रीनशॉट जोडा. मारहाण असेल तर सरकारी रुग्णालयात त्याच दिवशी जाऊन केसपेपर करा आणि डॉक्टरांना जखमेची जागा, माप आणि रंग लिहायला सांगा. ‘अंग दुखते’ एवढ्याच शेऱ्याचा पुढे काही उपयोग होत नाही. वळ दोन-तीन दिवसांत रंग बदलतो. नंतर केलेला केसपेपर समोरचा वकील दोन प्रश्नांत झोपवतो.

सोबत प्रतिज्ञापत्र जोडलं तर अर्जाला वजन येतं. कोर्ट नाक्यावर हमखास कोणीतरी पाचशेचा स्टॅम्प पेपर गळ्यात मारायला बघेल. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतं. वकील सक्तीचा नाही. अर्ज स्वतः नेऊन देणार असाल तर बारनिशीत (आवक-जावक टेबलावर) दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय हलू नका. नुसत्या सहीची पोच ही पोच नव्हे. निघण्याआधी फोन करून कार्यालयाचा सध्याचा पत्ता आणि अध्यक्षपद भरलेलं आहे का, हे दोन्ही विचारून घ्या. अध्यक्षच नसला तर अर्ज आवक होतो, सुनावणी होत नाही.

एक चूक फार लोक करतात. एकच अर्ज मुख्यमंत्री, गृहमंत्री, मानवाधिकार आयोग, महासंचालक आणि प्राधिकरण अशा दहा ठिकाणी ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून धाडतात. प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. शिवाय मानवाधिकार कायद्याचं कलम ३६ सांगतं की दुसऱ्या आयोगापुढे प्रलंबित असलेला विषय आयोगाने घ्यायचा नाही, आणि घटनेला एक वर्ष उलटल्यावरही घ्यायचा नाही. तेव्हा जागा एक निवडा. लाचेचा मामला असेल तर १०६४ वर लाचलुचपत विभाग, आणि तोही पैसे देण्याआधी. सापळा आधीच लावता येतो.

अर्ज आत गेल्यावर खरी परीक्षा सुरू होते. चौकशी कोण करणार? सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच याचं उत्तर लिहून ठेवलंय: सदस्य पूर्णवेळ असावेत, त्यांना योग्य मानधन असावं, प्रत्यक्ष जाऊन चौकशी करायला नियमित कर्मचारी असावेत आणि त्यासाठी सीआयडी, गुप्तवार्ता, दक्षता अशा खात्यांतले निवृत्त तपासनीस घेता येतील. यातली एकही गोष्ट फुकट होत नाही. प्राधिकरणाला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार दिले, साक्षीदार बोलावता येतात, कागद मागवता येतात. पण घटनास्थळी जाऊन शेजाऱ्याचा जबाब घेणारा माणूस पदरी नसला, तर उरतो एकच मार्ग: ज्या आयुक्तालयाविरुद्ध तक्रार आहे त्यालाच पत्र पाठवून अहवाल मागवणं. मग तो कागद सहायक आयुक्तांमार्फत खाली उतरतो आणि तक्रारदाराला फोन येतो, ‘जबाब द्यायला या.’ कुठे? बऱ्याचदा त्याच इमारतीत, जिथे प्रकार घडला. असं झालं तर जबाब घरून टाइप करून न्या, प्रत्येक पानावर सही करा, एक प्रत शिक्का मारून परत घ्या. ‘माझे समाधान झाले आहे’ हे वाक्य खाली कोणी घालत असेल तर ते खोडायला लावा. अख्खी फाईल त्या एका ओळीवर बंद होते.

अहवाल आल्यावर आणखी एक गळती आहे. न्यायालयाने म्हटलं होतं की प्राधिकरणाची शिफारस बंधनकारक राहील. आपल्या कायद्यात ती सरकारकडे जाते आणि सरकार कारणं नोंदवून ती नाकारू शकतं.

आता पैशांच्या वादाकडे येऊ, कारण खरी गाठ तिथे आहे. यावर दोन्ही बाजू तावातावाने बोलतात. एक बाजू म्हणते, मानवाधिकार आयोग आहे, लाचलुचपत विभाग आहे, विभागीय चौकशी आहे, न्यायालय आहे, मग निवृत्त मंडळींसाठी आणखी एक कार्यालय आणि आणखी एक गाडी कशाला? हे अगदीच चुकीचं नाही. नुसतं कार्यालय आणि गाडी द्यायची असेल तर खरोखर नको. दुसरी बाजू म्हणते स्वतंत्र यंत्रणा हवीच, पण ती किती माणसांची, किती खर्चाची, हे विचारलं की गप्प होते. मधला मुद्दा कोणीच उचलत नाही: ज्या गृह विभागाच्या माणसांची चौकशी करायची, त्याच विभागामार्फत प्राधिकरणाला पैसा मिळतो. परीक्षेला बसलेल्यानेच पेपर तपासणाऱ्याचा पगार काढायचा, असा हा प्रकार. अमेरिकेत शिकागो शहराने २०१६ च्या अध्यादेशात यावर एक साधा तोडगा काढला. पोलीस चौकशीच्या नागरी कार्यालयाला पोलीस खात्याच्या अंदाजपत्रकाच्या किमान १ टक्का निधी मिळालाच पाहिजे, असं लिहून टाकलं. पोलिसांचा खर्च वाढला की तपासणाऱ्यांचाही वाढतो, दरवर्षी हात पसरावा लागत नाही. आमच्या मते आपल्याकडे टक्का किती हा वाद नंतरचा. आधी तो कायद्यात लिहिलेला असावा, आणि पैसा फर्निचरच्या आधी तपासनीसांच्या पगारावर जावा.

पैसा नसला की काय होतं हे सगळ्यात उघड दिसतं ते पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्यांत. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंह सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जागा मोजून सांगितल्या: प्रवेश आणि बाहेर जायची सगळी दारं, प्रत्येक लॉकअप, लॉकअपबाहेरचा भाग, सगळे बोळ, व्हरांडे, निरीक्षकांची आणि उपनिरीक्षकांची खोली, ठाणे अंमलदाराची खोली, मागची बाजू, स्वच्छतागृहाच्या बाहेर (आत नाही). चित्र रात्रीही दिसलं पाहिजे, आवाजही हवा. साठवण १८ महिन्यांची, ते जमत नसेल तर किमान एक वर्ष.

याचा हिशेब कोणत्याही सीसीटीव्हीवाल्याला विचारा. एक कॅमेरा २ एमबीपीएसने सतत चालला तर दिवसाला साधारण २१.६ जीबी. १६ कॅमेरे म्हणजे दिवसाला सुमारे ३४५ जीबी. वर्षाचे १२६ टीबी, १८ महिन्यांचे जवळपास १८९ टीबी. ८ टीबीच्या दोन हार्ड डिस्क असलेला एनव्हीआर (चित्रण साठवणारा रेकॉर्डर) लावला तर ४६ दिवसांत डिस्क भरते आणि जुनं चित्रण आपोआप पुसून वरून नवं बसतं. यात कोणाचा हात असायला लागत नाही, यंत्राची रचनाच तशी आहे. त्यामुळे ‘फुटेज उपलब्ध नाही’ हे उत्तर काही वेळा खरंही असतं, आणि म्हणूनच सोयीचंही असतं. कॅमेरे बसवल्याची बातमी होते, डिस्क वाढवल्याची होत नाही. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांना महापालिका पैसे देते, उद्घाटनाला फीत कापता येते. लॉकअपसमोरच्या डिस्कला फीत कोण बांधणार?

याच निकालाने देखरेख समित्याही दिल्या. जिल्हा समितीत विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि जिल्ह्यातल्या एखाद्या शहराचे महापौर, ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. कॅमेऱ्यांची देखभाल, बिघाड आणि निधीची मागणी हे समितीचं काम. आता आपल्याकडची गंमत पाहा. या समितीत लोकांनी निवडलेली खुर्ची एकच, महापौरांची. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये, आणि पुढे दोन्हीकडे वर्षानुवर्षं प्रशासक होते. म्हणजे आदेश आला तेव्हा नवी मुंबईला महापौरच नव्हता. शिवाय समिती जिल्ह्याची, आयुक्तालय दोन जिल्ह्यांत: वाशी पोलीस ठाण्याचा कॅमेरा बिघडला तर ठाणे जिल्ह्याची समिती, पनवेलचा बिघडला तर रायगडची, आयुक्त मात्र एकच.

म्हणून फुटेजचा अर्ज प्राधिकरणाच्या अर्जाची वाट न पाहता त्याच आठवड्यात द्या. दोन वेगळ्या मागण्या करा: आधी ‘जतन करा’, मग ‘द्या’. देण्याला माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ह) ची, तपासात अडथळा येईल अशी आडकाठी घालता येते, जतन करण्याला ती लागू पडत नाही. त्याच निकालानुसार पोलीस ठाण्यात इंग्रजी, हिंदी आणि मराठीत फलक असायला हवा की फुटेज किमान सहा महिने ठेवलं जाईल आणि पीडिताला ते सुरक्षित ठेवून घेण्याचा हक्क आहे. (एकाच आदेशात अठरा महिने, एक वर्ष आणि सहा महिने. अर्जात तिन्हींचा उल्लेख करा, निवड त्यांच्यावर सोडू नका.) वेळ लिहिताना आधी आणि नंतर अर्धा-अर्धा तास जास्त मागा. रेकॉर्डरचं घड्याळ पुढेमागे असतं आणि ‘मागितलेल्या वेळेत काही दिसत नाही’ असं उत्तर त्यातूनच येतं.

गुण द्यायचे तर कायद्याच्या मजकुराला पाचपैकी साडेतीन, पोहोचायला सोपं आहे का याला दोन, स्वतंत्र चौकशीला एक. कॅमेऱ्यांना आत्ता गुण नाहीत, आधी डिस्क दाखवा.

ते दाखवून घ्यायला माहिती अधिकाराचा अर्ज पुरतो: दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, उत्तराला ३० दिवस, पहिल्या अपिलाला वीस रुपये. मजकूर एवढाच ठेवा: ‘आपल्या पोलीस ठाण्यात आजमितीला चालू आणि बंद असलेल्या कॅमेऱ्यांची संख्या, रेकॉर्डरची एकूण साठवण क्षमता टीबीमध्ये, आज उपलब्ध असलेल्या सर्वात जुन्या चित्रणाची तारीख, आणि बिघाडाबाबत जिल्हा देखरेख समितीला पाठवलेल्या शेवटच्या पत्राची प्रत द्यावी.’ व्यक्तीचं नाव नाही, घटनेचा उल्लेख नाही, त्यामुळे नाकारायला कारण सापडणं अवघड जातं. सर्वात जुन्या चित्रणाची तारीख आली की तुमच्या पोलीस ठाण्यात किती दिवसांची डिस्क आहे ते बोटांवर मोजता येतं.